तळाची खिडकी

संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्या बोलत असत, तेव्हाची गोष्ट. ऋजुता प्रोग्राम लिहायची, पण उघडलेली खिडकी कधी बंद करायची नाही. "असू दे, लागेल," म्हणायची.

सकाळी तिने एका खिडकीत फाइल उघडून एकच ओळ लिहिली. मग वर इतर खिडक्या चढत गेल्या आणि ती तळाला गेली. तिला विसरून ऋजुताने तीच फाइल नव्या खिडकीत उघडली आणि दिवसभर तिच्यात राबली.

निघताना तिने सगळ्या खिडक्या एकदम सेव्ह केल्या. नव्या खिडकीने दिवसभराचं काम ठेवलं. पाठोपाठ तळाच्या खिडकीने त्याच जागी सकाळची फाइल ठेवली. नवं सगळं पुसलं गेलं.

ऋजुताने तळाची खिडकी वर ओढली. "काय केलंस गं हे?"

तळाची खिडकीही हादरली होती. "ताई, तू मला बंद कुठे केलं होतंस? मला वाटलं, अजून माझंच खरं."