खाटेखालचं पिल्लू आणि घारपुरे मास्तर

“…बुवा आलेत. कुत्र्याला अनुग्रह देणार, आणि घारपुरे मास्तरांना म्हणे…”

“मास्तरांना काय?” दळणाच्या रांगेतल्या बाईला मालूताईंनी विचारलं.

तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि उरलेली बातमी पिठात गेली.

मालूताई मास्तरांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. शेजाऱ्याची अर्धी बातमी पोटात ठेवून जेवण जाणं शक्य नव्हतं. दळणाचा डबा नंबराला लावला, घरातून मास्तरांची राहिलेली वाटी उचलली आणि ती परत करायच्या निमित्तानं त्या दारात हजर झाल्या.

टेकडीवरच्या मठातले भानुबुवा खुर्चीवर बसले होते. मास्तर हात जोडून उभे.

मास्तरांना अनुग्रह हवा होता. कानात मंत्र पडल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. बुवांनी मंत्राऐवजी मठातल्या कुत्रीचं पिल्लू त्यांच्या हातावर ठेवलं होतं. म्हणाले होते, “हे आपणहून तुमच्याजवळ आलं, की मग बघू.”

पिल्लू आल्यापासून खाटेखाली होतं.

“समजावून पाहिलंत?” बुवांनी विचारलं.

“मराठीत, हिंदीत. थोडं संस्कृतातही.”

“मग?”

“ऐकून सगळं घेतं, बुवा. मान वाकडी करून ऐकतं. पण येत नाही.”

“खातं का?”

“मी पाठ वळवली की खातं. वळून बघितलं की वाटी रिकामी आणि हे पुन्हा कोपऱ्यात. भलतं हुशार आहे.”

“कसं बोलावता, दाखवा.”

मास्तर गुडघ्यांवर बसले. एका हातात बिस्किट, दुसरा हात पाठीमागे. “ये, ये. शहाणा ना तू?”

खाटेखाली दोन डोळे चमकले. ते बिस्किटाकडे बघत नव्हते.

बुवांनी मास्तरांच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं.

“मास्तर, आता तुम्ही आत जा.”

“कुठे?”

“खाटेखाली.”

ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या मास्तरांनी आधी खाटेकडे पाहिलं, मग मालूताईंकडे.

“मालूताई, तुमचं दळण खोळंबलं असेल.”

“खोळंबू दे हो. गर्दी आहे तिथे.” त्या वाटी मांडीत घेऊन उंबऱ्यावर टेकल्या.

मास्तरांनी इस्त्रीचं धोतर आवरलं. आधी डोकं गेलं, मग पोट अडलं, मग तेही गेलं. बाहेर राहिली फक्त पावलं. पिल्लू भिंतीला चिकटलं.

बुवा वाकले. एक हात पुढे, त्यात बिस्किट. दुसरा पाठीमागे.

“या मास्तर, या. शहाणे ना तुम्ही?”

…

“या की.”

“बुवा,” खाटेखालून आवाज आला, “त्या दुसऱ्या हातात काय आहे?”

“तुमच्या हातात काय होतं?”

मालूताईंनी पदर तोंडाला लावला.

“पट्टा,” मास्तर म्हणाले. “पळून जाऊ नये म्हणून. जवळ आलं की लगेच गळ्यात… त्याच्या भल्यासाठीच.”

बुवांनी बिस्किट स्वतःच खाल्लं.

थोड्या वेळानं खाटेखालून पट्टा सरपटत बाहेर आला. पाठोपाठ मास्तर येतील असं मालूताईंना वाटलं. ते आले नाहीत. फरशीवर गाल टेकून तसेच पडून राहिले. बोलावलं नाही, समजावलं नाही. घारपुरे मास्तर जागे असून गप्प आहेत, हे मालूताई पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांना जरा काळजीच वाटली.

मग कोपऱ्यात हालचाल झाली.

पिल्लू एक पाय पुढे टाकून थांबलं. मास्तरांच्या कोपराचा वास घेतला, मागे गेलं. पुन्हा आलं. मानेपाशी आलं. आणि त्यानं आपलं ओलं नाक मास्तरांच्या कानात घातलं.

कितीतरी वेळ ते तसंच होतं. मास्तर हलले नाहीत.

“बुवा,” अखेर खाटेखालून घोगरा आवाज आला, “हे आपणहून आलं.”

“दिसलं.”

बुवा उठले, दाराशी जाऊन चपला पायात सरकवू लागले. मालूताईंना राहवेना.

“म्हणजे बुवा, कुत्र्याला अनुग्रह देणार ते…”

“त्याला कशाला?”

“आणि मला?” मास्तरांनी आतूनच विचारलं. “माझं काय, बुवा?”

बुवा उंबऱ्यावर थांबले.

“त्यानं कानात जे सांगितलं ते कुणाला सांगू नका, मास्तर. मालूताईंना तर मुळीच नाही.”