कापलेलं वळण

नद्यांना अजून कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका बिननावाच्या नदीकाठी एक नावाडी राहत होता. दंड दगडासारखे, पण लेकीचा विषय निघाला की गडी पार विरघळायचा.

लेक दिली होती खालच्या गावात. दोन्ही गावांच्या मध्ये उभे कडे, पायवाट नाही. जायचं-यायचं ते होडीनेच. वाटेत नदी एक भलंमोठं वळण घेई. तिथं पाणी संथ होई, आतल्या काठाला वाळू साठे, आणि होडीला सकाळची संध्याकाळ होई.

एके दिवशी लेकीला दिवस गेल्याचा निरोप आला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाजच होता. नावाड्याला वाटलं, अवघडलेल्या पोरीला दिवसभर होडीत कशाला बसवायचं? वळणाच्या दोन टोकांमध्ये चिखलाची चिंचोळी पट्टी होती. ऐन उन्हाळ्यात त्याने तिथून चर खणायला घेतला.

बायको म्हणाली, "अहो, नदी काय उगीच वळली असेल?"

"तिला नसेल घाई. मला आहे," तो म्हणाला.

पावसाळ्यात नदी चरात शिरली. मऊ माती ढासळत गेली आणि चराचंच पात्र झालं. पाऊस ओसरल्यावर नावाडी लेकीला आणायला निघाला, तो जेवणवेळेआधीच पोचला. व्याह्यांसमोर मिशीला पीळ देऊन झाला.

परतताना मात्र चरातून होडी चढेना. उतार तेवढाच आणि वाट निम्मी, मग पाणी धावणार नाही तर काय? जन्मभर वल्ही मारलेला हा माणूस, पण येताना होडी प्रवाहाविरुद्ध चढवायची असते, हेच तो मायेच्या भरात विसरला होता. तीन दिवस त्याने झुंज दिली. चौथ्या दिवशी वल्हं मोडलं.

"बाबा, राहू द्या," लेक म्हणाली. "मी सासरीच बाळंत होईन." आणि तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

रिकामी होडी काठच्या उथळ पाण्यातून ओढत तो एकटाच निघाला. कोरड्या पडलेल्या वळणात, उरल्यासुरल्या डबक्यात एक कासवी बसली होती.

"दादा," ती म्हणाली, "माझी आई याच वाळूत अंडी घालायची. मीही दर वर्षी इथंच येते. यंदा वाळू आहे, पण पाणी नाही. पिल्लं बाहेर पडून जातील कुठे? लेकीला माहेरी आणायला निघालास, आणि माझं माहेर मोडलंस."

घरी बायकोने पाळणा टांगून ठेवला होता. नावाड्याला त्या पाळण्याकडे बघवेना.

नातू खालच्या गावातच जन्मला. पुढच्या उन्हाळ्यात नावाड्याने दोन्ही गावांना हात जोडले. सगळ्यांनी मिळून चर दगडांनी बुजवला. पाऊस आला, नदी थोडी घुटमळली आणि जुन्या वळणाला लागली.

पाऊस सरल्यावर लेक बाळाला घेऊन आली. वळणाच्या संथ पाण्यात बाळ झोपून गेलं. वाळूवर कासवीच्या पायांच्या ताज्या खुणा होत्या. नावाड्याने वल्हं उचलून मांडीवर ठेवलं आणि होडी जरा वेळ तशीच तरंगू दिली.

"बाबा, उशीर होईल ना?" लेक म्हणाली.

"होऊ दे गं," तो म्हणाला.

तात्पर्य: आपली वाट जवळची करण्याआधी, त्या वाटेवर आणखी कोणाचं घर आहे ते पाहावं.