घेरेवाडीच्या पालव्या

घेरेवाडीच्या नळावर उभं राहून नुसतं 'पालवी' म्हणून बघा. दोन-तीन पोरी, एखादी सासुरवाशीण आणि काठी टेकत निघालेली म्हातारी, सगळ्या एकदम मागं वळतील. तुम्हा शहरातल्या लोकांना हे नाव आत्ता कुठं सुचायला लागलंय. आमच्याकडे ते जुनं आहे.

असं सांगतात, की पूर्वी इथं बयाजी नावाचा गृहस्थ होता. त्याला मुलीच्या पाठीवर मुलगीच व्हायची. चौथीचं बारसं आलं तेव्हा घरच्यांनी ठरवलं, हिचं नाव नकुसा ठेवायचं. म्हणजे आता मुलगी नको हे देवाला कळेल आणि पुढच्या खेपेला मुलगा होईल. तेव्हा रीतच होती तशी. नाव कानात सांगायचा मान आत्याचा. आणि आत्याचं, म्हणजे बयाजीच्या बहिणीचं नावही नकुसाच! तिलाही ते याच कारणानं मिळालेलं. जी हाक तिनं जन्मभर सोसली, तीच आता तिनं पाळण्यातल्या जिवाला द्यायची होती.

दारासमोर एक करंज होता, वणव्यात जळून कोळसा झालेला. त्या सकाळी म्हणे त्याला पालवी फुटली. नकुसानं ती पाहिली, पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "पालवी." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली. तिच्या पाठीत धपाटे घालायला उचललेले बायकांचे हात तसेच राहिले.

"नकुसे, ह्ये काय केलंस? ठरल्यालं नाव सांग तिला!" बयाजी ओरडला.

"आत्यानं कानात सांगितल्यालं नाव फिरत न्हाई, दादा."

"मग तुजं म्हायेर तुटलं म्हणून समज."

"तुटू दे," असं म्हणून ती चोळीबांगडी न घेताच निघून गेली. काय छातीची बाई! त्या काळी बाईला माहेराखेरीज हक्काचं दुसरं होतं तरी काय?

पालवीला हे सगळं आईकडून कळलं. लग्न ठरलं तेव्हा ती हटून बसली, आत्या आली तरच बोहल्यावर चढेन. शेवटी बयाजी स्वतः बहिणीला आणायला गेला. तोवर तिचे केस पिकले होते. पालवीनं तिला आपल्या बारशाच्या जुन्या पाळण्याशेजारी बसवलं आणि तिच्या कानात आपलंच नाव सांगितलं.

आजही जिला आपलं नाव खुपतं, ती कुठल्याही वयात इथं येऊन पालवी होते. भाचीनं कानात सांगायचं. भाची नसेल तर गावातली कुठलीही पोर चालते. माझी आई सत्तरीत पालवी झाली. तिचं आधीचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही.