जीपची वायर

गाड्या आपसांत बोलायच्या तेव्हाची गोष्ट. गुरांच्या लसी नेणाऱ्या जीपमागे एक ट्रेलर होता. ट्रेलरची बॅटरी लसींचा फ्रीज चालवी आणि जीपकडून वायरीने चार्ज घेई.

एका मुक्कामात इंजिन बंद असताना तिने जीपची बॅटरीही रिकामी केली. सकाळी जीप धक्क्याशिवाय हलेना.

“बाई, आजपासून तुझी वायर काढते,” जीप फणकारली.

“ताई, लसी नासतील गं. वासरांनी काय करायचं?” ट्रेलरची बॅटरी म्हणाली.

“मीच बंद पडले तर लसी काय चालत जाणार?”

दोघींचंही खरं होतं. मेकॅनिक हमीदचाचांनी मधे रिले बसवला. इंजिन चालू असेल तरच वायर जोडली जाई, बंद झालं की आपोआप सुटे.

चढावर जीप धापा टाकत म्हणाली, “घे, आता पोटभर घे.”

“आणि तू थांबलीस की मी साठवलेल्यावर भागवीन,” बॅटरी म्हणाली. मागे फ्रीज गारठून घुरघुरत होता.