बापूसाहेबांचा हुकूम

पेरूच्या झाडावरून पडलेल्या पाच वर्षांच्या शर्वरीला कडेवर घेऊन तिचे आजोबा बापूसाहेब वाघचौरे एक्स-रे विभागात शिरले, तेव्हा डॉक्टर मृणाल खटावकर लगबगीनं पुढे आली. बापूसाहेब म्हणजे इस्पितळाचे अध्यक्ष. त्यांना नाही म्हणणाऱ्याची उचलबांगडी व्हायला वेळ लागत नसे.

मृणालनं पोरीला नीट तपासलं. सूज फक्त मनगटाला होती. बाकी कुठंही दाबलं तरी पोर गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती.

"मनगटाचा फोटो पुरे," मृणाल म्हणाली.

"पुरे?" बापूसाहेब कडाडले. "माझी नात आहे ती! डोक्यापासून पायापर्यंत फोटो काढा. जमत नसेल तर दुसरी नोकरी बघा."

मृणालला पेच पडला. एवढ्याशा जिवावर विनाकारण किरण सोडायचे कसे? आणि या माणसाला समजवायचं तरी कसं? तिनं खुंटीवरचा शिशाचा जड एप्रन काढून त्यांच्यापुढे धरला.

"काढते. पोर एकटी थांबायची नाही, तुम्ही तिला धरा. पण आधी हा घाला."

"हे ओझं कशाला?"

"किरण अंगाला बरे नव्हेत. तुम्हाला लागायला नकोत."

बापूसाहेबांनी घाईघाईनं एप्रन चढवला. बंद बांधता बांधता त्यांचे हात थबकले.

"आणि पोरीला?"

"तिला ते डोक्यापासून पायापर्यंत द्यायचा आपलाच हुकूम आहे, बापूसाहेब."

बापूसाहेबांनी नातीला जवळ ओढलं.

"मनगटाचाच काढा," ते हळू आवाजात म्हणाले.

फोटोत हाडाला बारीक चीर दिसली, हाताला प्लास्टर चढलं, आणि मृणालनं एप्रन पुन्हा खुंटीला अडकवला.