पहिल्या पायरीवरचा महातपस्वी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंकडे एक महातपस्वी घेऊन आला. तपस्वी अर्थातच कागदावर होता.

गुरू म्हणजे मिरजेचे गणपुले गुरुजी. उभे आयुष्य शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक निराळाच नाद जवळ केला. दर रविवारी दुपारी त्यांच्या माडीवर चार माणसे टेबलाभोवती बसत आणि गोष्टीचा खेळ खेळत. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगे. बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, चोर, मांत्रिक होत. संकटात काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे, आणि ते साधले की फसले ते फाशांनी सांगावे. संकटे पार पडत तसतशी पात्रे एकेक पायरी वर चढत आणि त्यांच्या अंगी नवे सामर्थ्य येई.

शिष्य होता सौमित्र गुळवणी, पुलांची कामे करणारा इंजिनिअर. खेळण्याहून त्याला नव्या प्रकारची पात्रे घडवण्याची हौस अधिक. हा महातपस्वी दहाव्या पायरीवर नुसत्या हुंकाराने वीज पाडी आणि पुढे नद्याही उलट्या वाहवी. गुरुजींनी सगळे शांतपणे वाचले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“आणि पहिल्या पायरीवर हा काय करतो?”

“तप करतो.”

“म्हणजे नेमकं काय?”

“डोळे मिटून बसतो. शस्त्र धरायचं नाही, जागेवरून उठायचं नाही, बोलायचं नाही. गुरुजी, सामर्थ्य कष्टानं मिळवावं लागतं. सुरुवातीलाच दिलं तर त्याची किंमत राहत नाही.”

“विचार उदात्त आहे,” गुरुजी म्हणाले. “येत्या रविवारी खेळून पाहू.”

सौमित्र दचकला. त्या रविवारी भगवंतराव पाटणकर येणार होते. भगवंतराव म्हणजे निवृत्त तहसीलदार आणि मृण्मयीचे वडील. मृण्मयी त्याच माडीवर खेळायला येई. तिचे आणि सौमित्रचे जमले होते आणि आता प्रश्न होता तो फक्त वडिलांच्या होकाराचा. भगवंतराव तिला म्हणाले होते, “मुलगा इंजिनिअर आहे, हे समजलं. पण दर रविवारी तो राक्षस मारतो म्हणजे काय करतो, ते मला डोळ्यांनी बघू दे. मग ठरवू.”

म्हणून सौमित्रने त्यांच्यासाठी योद्धा राखून ठेवला होता. हातात तलवार, अंगात बळ, नियम सोपे. रविवारी भगवंतराव आले, खुर्चीवर ताठ बसले, योद्ध्याचा कागद न्याहाळू लागले. तेवढ्यात गुरुजी उठले. तो कागद त्यांनी अलगद काढून मृण्मयीपुढे ठेवला आणि भगवंतरावांपुढे महातपस्वी सरकवला.

“पाहुण्यांना मानाचं पात्र,” ते म्हणाले. “आणि सौमित्र, आज सूत्रधार तू.”

सौमित्रचा चेहरा पांढराफटक पडला. पण गुरूंपुढे बोलायचे कसे? त्याने गोष्ट सुरू केली. रानातली धर्मशाळा, त्यात मुक्कामाला उतरलेले प्रवासी, आणि बाहेरून चालून येणारे वेताळ.

मृण्मयीच्या योद्ध्याने तलवार उपसली. दातांच्या डॉक्टर शहनाज मुल्ला चोर झाल्या होत्या, त्या सरसर आढ्यावर चढल्या.

“मी दार अडवतो,” भगवंतराव म्हणाले.

“तपस्वी उठू शकत नाही, काका.”

“बरं. मग ओरडून सगळ्यांना सावध करतो.”

“तुमचं मौन आहे.”

“मग निदान डोळे उघडून बघतो तरी!”

“डोळे उघडले तर तप मोडतं. पहिल्यापासून सुरू करावं लागतं.”

शहनाजबाईंनी ओठ दाताखाली दाबून धरला. पुढचा बराच वेळ भगवंतराव हाताची घडी घालून बसले. शेजारी फासे खुळखुळत होते, वेताळ पडत होते, मुलगी आनंदाने टेबलावर मुठी आपटत होती. ज्यांच्या कचेरीबाहेर माणसे बाकावर तासन्‌तास ताटकळत, ते तहसीलदार आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याला विचारत होते, “माझं काय झालं?”

“तुमचं तप चालू आहे, काका.”

“मला उठता कधी येईल?”

“चौथ्या पायरीवर.”

“ती कधी येते?”

“साधारण... दिवाळीपर्यंत.”

अखेर एक वेताळ थेट तपस्व्यापुढे येऊन ठाकला. भगवंतराव पुढे सरसावले. “हातात कमंडलू आहे ना माझ्या? घालतो याच्या टाळक्यात!”

“कमंडलू शस्त्र म्हणून चालत नाही,” सौमित्र कापऱ्या आवाजात म्हणाला. “तसा नियम आहे. पण तुम्ही काळजी करू नका. वेताळ तुमच्याकडे बघतो आणि... पुढे निघून जातो.”

“का?”

“त्याला तुमच्यापासून काही धोका वाटत नाही.”

भगवंतराव उठले. “चहा उत्तम होता, गुरुजी,” एवढेच बोलून ते जिना उतरले. मृण्मयीने सौमित्रकडे एक कटाक्ष टाकला. त्यात बरेच काही होते आणि त्यातले काहीच गोड नव्हते. ती वडिलांच्या मागोमाग गेली, शहनाजबाईही हळूच निघाल्या.

दोघेच उरल्यावर सौमित्रचा बांध फुटला. “गुरुजी, तुम्ही हे मुद्दाम केलंत! मी त्यांना योद्धा दिला होता. आता माझं लग्न मोडणार.”

“मुद्दामच केलं,” गुरुजी म्हणाले. “आमच्यापैकी कोणी तुझा तपस्वी खेळला असता, तर ‘धीर धरा’ म्हणून तू निर्धास्त राहिला असतास. ज्याला ‘नाही’ म्हणताना तुझी जीभ अडखळेल, असा माणूस मला हवा होता. अरे, सामर्थ्य उशिरा दे. त्यात अन्याय नाही. पण उपयोग पहिल्या दिवसापासून दे. पहिली पायरी म्हणजे दहाव्या पायरीची वेटिंग रूम नव्हे. ज्यानं पुढं वीज पाडायची, त्याच्या हाती आज निदान ठिणगी तरी हवी.”

सौमित्र मान खाली घालून घरी गेला आणि दुसऱ्याच दिवशी नवा तपस्वी घेऊन आला. हा पहिल्या पायरीवरच उडत होता, अदृश्य होत होता, जखमा बऱ्या करत होता आणि वाघाशी बोलत होता.

गुरुजींनी कागद परत केला. “आता हा एकटाच खेळणार, आणि बाकीचे तप करणार.”

मग सौमित्रने बसून सगळे खोडले आणि एकच गोष्ट ठेवली: लहानसा शाप. त्याने कोणी मरायचे नाही, जखमीही व्हायचे नाही. समोरच्याची थोडी पंचाईत व्हायची, इतकेच. आणि हे तपस्व्याखेरीज कोणाला जमायचे नाही. तो कागद घेऊन तो भगवंतरावांच्या दारात उभा राहिला.

“काका, चूक माझी होती. ते पात्र मीच घडवलं होतं.”

“तू?” भगवंतरावांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. “स्वतः कधी खेळून पाहिलं होतंस?”

“नाही.”

“हं. आमच्या खात्याचे नियमही असेच तयार होत.” त्यांनी नवा कागद वाचून परत दिला. “येईन मी. पण मृण्मयीसाठी. आणि एकदाच.”

पुढच्या रविवारी गोष्ट एका किल्ल्याच्या दरवाजाशी अडली. दरवाजात गदा घेऊन उभा असलेला पहारेकरी राक्षस कोणालाच आवरेना. योद्धा दोनदा आपटला, चोराची दोरी तुटली. सगळ्यांच्या नजरा भगवंतरावांकडे वळल्या.

“शाप काय द्यायचा, ते माझ्यावर आहे ना?”

“हो, काका. फक्त लहान हवा.”

भगवंतरावांनी डोळे मिटले. कित्येक वर्षे अर्जदारांना लहानसहान कारणांनी अडवण्याची जी विद्या अंगी मुरली होती, ती सारी त्यांच्या मुद्रेवर उमटली. मग हात उंचावून ते गरजले, “दुष्टा, तुझ्या विजारीचा नाडा सुटो!”

फासे पडले. शाप लागला. राक्षसाने गदा टाकून दोन्ही हातांनी विजार सावरली आणि मृण्मयीने त्याला एका घावात लोळवले. शहनाजबाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. भगवंतराव मात्र गंभीर होते. “आत आणखी पहारेकरी आहेत का?” त्यांनी विचारले.

होते. एकाला नेमक्या वेळी शिंक आली, एकाला आपण इथे कशाला आलो तेच आठवेना.

दिवेलागणीला खेळ आवरताना सौमित्र भीत भीत म्हणाला, “काका, असेच येत राहिलात तर तुमचा तपस्वी लवकरच दुसऱ्या पायरीवर जाईल.”

“घाई काय आहे?” भगवंतराव फासे पुसत म्हणाले. “इथलंच अजून पुष्कळ काम पडलंय.” मग मुलीकडे वळून ते म्हणाले, “आणि हे बघ, लग्नाचा मुहूर्त रविवारचा काढायचा नाही. आधीच सांगून ठेवतो.”

मृण्मयी हसली. सौमित्रने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी कपबशा गोळा करत होते.

घरी नवी सून येवो की कचेरीत नवा कारकून, पुढच्या मोठेपणाची आश्वासने त्यांना खुशाल द्यावीत. पण त्याआधी, आज संध्याकाळपर्यंत त्यांच्यावाचून अडेल असे एखादे लहानसे काम त्यांच्या हाती द्यावे.