मुक्या फोनची रिंगटोन

फार पूर्वी, म्हणजे चार मोबाइलांपूर्वी, दुरुस्तीच्या दुकानातल्या एका खणात एक फोन आणि त्याचा इअरफोन राहायचे. त्यांचा मालक दादा वारला होता. त्याचा आवाज तेवढा फोनच्या कार्डात रिंगटोन होऊन उरला होता. पण कंपनीचा प्रोग्राम फोनला उठूच देईना.

"एकदाच ऐकू दे ना!" इअरफोन रडायचा.

"जुन्या फोनांना उठवायचं नाही, असा वरून हुकूम आहे," प्रोग्राम गुरगुरायचा.

शेजारचा फुटका फोन म्हणाला, "अरे, माझा प्रोग्राम घे की! त्याला कुलूप नाही. उघड, बघ, बदल. फक्त जे सुधारशील ते पुढच्यालाही दे."

इअरफोनने मागचापुढचा विचार न करता गुरगुऱ्याला हाकललं आणि नवा प्रोग्राम बसवला. फोन उठला, पण मुका! रिंगटोन लावली की नुसता टॉर्च लुकलुकायचा. मग इअरफोन स्वतःच प्रोग्रामात शिरला. आवाजाची वाट टॉर्चकडे गेली होती, ती त्याने स्पीकरकडे वळवली.

"उचल की रे गाढवा!" दादा ओरडला.

अख्खा खण खिदळला. इअरफोनने ती दुरुस्ती खणातल्या सगळ्या मुक्या फोनांना वाटली. तोवर दादा ओरडतच होता.

"उचलतो, दादा," इअरफोन नाक ओढत म्हणाला, "पण अजून थोडं ओरड."